थप् आणि टण्

शिशाचा तुकडा फरशीवर टाकला की थप् वाजतं. जस्ताचा टाकला की टण् वाजतं. चौथीपर्यंतच्या शाळेत मला हे कोणी शिकवलं नाही, सासऱ्यांनी शिकवलं. कारापूरच्या त्या घरात बंदूक पुरुषांची होती, पण बंदुकीचे गोळे ओतायचं काम बाईचं होतं. चूल बाईची म्हणून गोळेही बाईचे, एवढाच त्यामागचा विचार. सासू गेली तेव्हा कढई, पळी आणि लोखंडी साचा माझ्याकडे आला. चाळीसेक वर्षं मी गोळे ओतले.

बंदूक ठासणीची, सासऱ्यांच्या वेळची. परवाना पिकाच्या राखणीचा. बार काढून भिववायचं, मारायचं नाही, असं ठाण्यात बजावत. तिथे सगळे मान हलवत आणि घरी येऊन डुकरं मारत. रानडुक्कर आवाजाला चार दिवस भितं, पाचव्या दिवशी येऊन कणगं, म्हणजे आमची रताळी, वेलासकट उपटून जातं. आमचं खाणं त्या जमिनीवर होतं.

शिसं नवरा डिचोलीच्या एका टायरवाल्याकडून आणायचा. गाडीचं चाक डुगडुगू नये म्हणून रिंगेला छोटे तुकडे ठोकतात, ते पडले-काढले की टायरवाल्याकडे डबाभर साठतात. आधी ते सगळे शिशाचे असत. अलीकडे जस्ताचेही येऊ लागले. वरून दोन्ही सारखेच काळे, मळलेले. जस्त कढईत गेलं तर सगळं शिसं नासतं. गोळा सुरकुततो, आत पोकळ राहतो, वजनाला कमी भरतो. म्हणून आधी निवडायचं. तांदळातले खडे निवडतात तसं मी बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, फरशीवर एकेक तुकडा टाकून निवडायची. सासऱ्यांनी दुसरी रीतही सांगितली होती, सुरीने ओरखडा काढायची. शिशावर सुरी रुतते, जस्तावर घसरते. ती मी केव्हाच सोडली होती. कानाला कळतंय तर सुरी कशाला, असं मला वाटायचं.

कान कधी गेले ते मला सांगता येणार नाही. आधी पाववाल्याचा पोंपों ऐकू येईनासा झाला. मी म्हटलं, हल्ली हा आळशी झालाय, हॉर्न वाजवत नाही. मग सून म्हणाली, "आई, टीव्हीचो आवाज तिठ्यार पोचता."

"पोचांदे. लोकांकय बातम्यो कळांदेत," मी म्हटलं.

नवरा हसला. "तुका ऐकाक येत नाय गो."

"तुमी बोलतास तेतूर ऐकण्यासारख्या काय आसता?"

असं बोलून मी ते मिटवलं. सूनही हसली आणि विषय संपला. मला बहिरी म्हणवून घ्यायचं नव्हतं. त्या घरात माझी म्हणून दोनच कामं उरली होती, गोळे आणि लोणचं. बाकीचं बहुतेक सगळं सुनेने घेतलं होतं.

त्या वर्षी निवडणूक आली. निवडणूक आली की लायसन्सच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. माणसांना हे कळतं, डुकरांना कसं कळतं देव जाणे. महिनाभर ती रोज आली. निम्मी कणगं गेली, वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी, भात लोळवलं. नवरा सकाळी बांधावर उभा राहून शिव्या द्यायचा आणि चहा न घेता बसायचा. बंदूक परत मिळाली त्याच दिवशी तो टायरवाल्याकडून पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "आज ओत."

मी बाल्कांवात बसले आणि एकेक तुकडा टाकू लागले. थप्. थप्. थप्. अख्खी पिशवी संपली, एकही टण् वाजला नाही. मी सुनेला हाक मारून सांगितलं, "टायरवाल्यान ह्या खेपेक चांगलो माल दिल्यान. सगळा शिसा." सून घरात होती. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही.

मागीलदारी चूल पेटवली. शिसं वितळायला लागलं तेव्हा वर बरेच तुकडे तरंगताना दिसले. शिसं लवकर वितळतं, जस्त उशिरा. आग मंद असेल तर जस्त वर तरंगतं आणि पळीने काढून टाकता येतं. हे मला झोपेतही माहीत होतं. पण मी स्वतः निवडलेल्या मालात जस्त असेल कसं? मी म्हटलं, आग कमी पडतेय. दोन लाकडं आणखी सारली. तुकडे विरघळले. कढईत साय धरल्यासारखं झालं, पेजेसारखं दाट. मी ढवळलं आणि ओतलं.

गोळे सुरकुतलेले निघाले. एकाला तर वर खळगा होता, त्यात नख बसेल एवढा. तेव्हा मला कळलं. उगाच खोटं कशाला लिहू, मला त्या क्षणीच कळलं. कढई उलटी करून सगळं टाकून द्यायचं, टायरवाल्याकडून नवीन माल आणायचा, एवढंच करायचं होतं. पण मग मी निवडलेलं चुकलं कसं, ते सांगावं लागलं असतं.

नवऱ्याने एक गोळा तळहातावर घेतला. "ह्ये चुरमुटलेले कशाक? आणि हलके लागतत."

"साचो थंड होतो. चलतले."

"नक्की?"

"तुमचो हात जड झालो. चाळीस वर्सां ओततंय मी," मी म्हटलं.

तो गोळे पिशवीत टाकून गेला. माझ्या गोळ्यांवर त्याने कधी संशय घेतला नव्हता, त्याही दिवशी घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो शेतात गेला. मी चुलीपाशी होते. सून आतून धावत आली. तिचं तोंड हलताना मी पाहिलं. मग तिने जवळ येऊन ओरडून सांगितलं, "आई, बार झालो! आयकलास नाय?"

मी नाही ऐकला. शेत घरापासून हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन आल्यापासून त्या बंदुकीचा प्रत्येक बार मी ऐकला होता, चुलीपुढे बसून मोजला होता. त्या दिवशी मी निवांत फुंकणी फुंकत होते.

थोड्या वेळाने शेजारी धावत आला. गोळा डुकराच्या खांद्यात बसला होता, पण ते पडलं नाही. ठासणीच्या बंदुकीत दुसरा गोळा भरेपर्यंत डुक्कर थांबत नसतं. ते उलटं फिरलं आणि त्याने नवऱ्याची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाडली. चौघांनी त्याला खाटेवरून आणला. माझ्या लुगड्याने मी मांडी बांधली. डॉक्टरांनी पाय कापला नाही, पण तो पाय पुन्हा जमिनीवर टेकला नाही.

डुक्कर दुसऱ्या दिवशी ओहळाकडे मेलेलं सापडलं. मरायला त्याला एक दिवस लागला. शेजाऱ्याने त्याच्या खांद्यातून गोळा काढला आणि मला आणून दिला. शिशाचा गोळा आत जाऊन चपटा होतो. हा खांद्याच्या हाडालाच अडकला होता, आणि फुटला होता. आत पोकळ. शेजारी म्हणाला, "वयनी, ह्या काय शिसा न्हय." मी गोळा पदराला बांधला आणि त्याला चहा विचारला.

नवरा इस्पितळातून घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो गोळा त्याच्या हातात ठेवला आणि सांगितलं. "जस्त होता. माका वळाखला नाय. माका ऐकाक येत नाय. ओतल्यार कळला होता, तरी दिलंय."

त्याने गोळा उशाशी ठेवला. मग त्याने सुनेला हाक मारली आणि टायरवाल्याच्या पिशवीत उरलेले, कढईत न मावलेले चार तुकडे मागवले. मला म्हणाला, "तोंड फिरव."

मी भिंतीकडे तोंड केलं. सुनेने त्याच्या सांगण्यावरून एक तुकडा फरशीवर टाकला.

"सांग बघया. शिसा काय जस्त?" तो मोठ्याने म्हणाला.

"शिसा."

"हो दुसरो?"

"शिसा."

"हो तिसरो?"

"पडलो काय?" मी विचारलं. चौथ्याला मी नुसतीच उभी राहिले. मागे वळले तर सून रडत होती आणि तो छताकडे बघत होता. बरोबर किती आले ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने सुनेला म्हटलं, "ह्या भायर खंय सांगू नको. झिलाकय नाय." आमचा मुलगा वास्कोला बंदरात कामाला आहे. त्याला आजपर्यंत माहीत नाही. आता हे छापून आलं तर कळेल.

त्यानंतर नवरा दोन वर्षं जगला, खाटेवर. बंदूक ठाण्यात कायमची जमा केली, शेत पडीक राहिलं. डुकरं भरदिवसा तिथे लोळायची, त्याला खिडकीतून दिसायची. माझ्याशी तेवढा तो मोठ्याने बोलायचा. पाणी हवं असलं तरी मोठ्याने. शेजारच्या बायका म्हणत, म्हातारा खाटेला खिळला तरी बायकोवर ओरडायचा थांबत नाही. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायचं तर का ओरडतो तेही सांगावं लागलं असतं, म्हणजे मी पुन्हा तेच केलं. तो जखमेने मेला असं डॉक्टर म्हणाला नाही. मी म्हणते.

तो गेल्यावर मुलाने मला कानाचं मशीन आणून दिलं. घालायला शिकले तेव्हा पहिल्यांदा ती पिशवी काढली. चार तुकडे तिथेच होते. बाल्कांवात बसून एकेक टाकला. टण्. टण्. टण्. टण्. मी पुन्हा टाकले. पाववाल्याचा पोंपों, भांडी, सुनेच्या बांगड्या, त्या मशीनमधून सगळंच टण् वाजतं.

मग मी घरातून सुरी आणली. एकावर ती रुतली. बाकीच्या तिन्हींवर घसरली.

तुकडे निवडले त्या दिवशीही ती सुरी माझ्या हाताशीच होती. तिने मी कणगं चिरत होते.