कवाडांचं स्टेज

आमच्या वस्तीत जलसा असला की त्या दिवशी घरांना दारं नसत.

दुपार कलली की जो तो आपलं कवाड खाचेतून उचलून काढायचा, डोक्यावर घ्यायचा आणि विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत आणून टाकायचा. भट्टीवरून मागून आणलेल्या विटांचे थर तिथं आधीच रचलेले असत. त्यांवर कवाडं आडवी पडली की स्टेज तयार. पडदा बायांनी शिवलेला, नागपूरला दीक्षेला जाताना घेतलेली पांढरी लुगडी एकमेकांना जोडून. देणगीदार म्हणा, कामगार म्हणा, कार्यकर्ते म्हणा, सगळे तेच. आणि पाहायला बसणारेही तेच.

आज तिथं पक्कं सभागृह आहे. दर्शनी भिंतीवर पाटी आहे, आणि पाटीवर रेच्याच्या शेठच्या वडिलांचं नाव आहे. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. दीक्षेनंतरच्या हंगामांत ज्यांच्या कवाडांवर आम्ही नाचलो, त्यांच्याबद्दल पाटी गप्प आहे. म्हणून हे लिहितो. नावं मीही लिहीत नाही. एकाचं लिहिलं की दुसऱ्याचं राहतं, आणि राहून गेलेल्यांवर झाला तेवढा अन्याय पुरे.

कवाडांना स्वभाव होते. गुरुजींचं कवाड सागाचं. ते शाळेत शिकवायचे, जलसा मंडळाचे अध्यक्षही तेच. त्यांच्या कवाडावर पाय आपटला की आवाज पोटातून निघायचा. ढोलकीवाले मामा अडून बसत, "गुरुजीचं कवाड मधात टाका बाप्पा, नाही तं मी वाजवतच नाही." आमचं कवाड आंब्याच्या लाकडाचं, खालून कुजलेलं, त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला. त्याची जागा मागच्या कोपऱ्यात, पेटीवाल्याच्या बुडाखाली. बाईचं सोंग घेणारा माझा दोस्त, धंद्यानं शिंपी, नाचता नाचता चुकून त्यावर आला की खणकन वाजायचं आणि लोक ओरडायचे, "टिन आलं रे, टिन आलं!" बरेच दिवस वस्तीतली पोरं मला टिनच म्हणत.

समोर बसलेल्यांचं अर्धं लक्ष गाण्यात, अर्धं आपापल्या कवाडावर. "माया कवाडावर हळू नाच बे, चिरलं तं रात्री कुत्रे घरात येतीन!" असं भर लावणीत कुणी तरी सुनावायचं. शिंपी पदर सावरत तिथूनच उत्तर द्यायचा, "कुत्रे तं तुया घरी पाहुणे हायेत मामंजी."

एक अडचण मात्र होती. दार काढलेल्या घरात कुणी तरी बसावं लागे. मोठ्या घरांत म्हातारं माणूस बसायचं. आमच्या घरात मी आणि माय, दोघंच. मी स्टेजवर, म्हणून माय उंबऱ्यावर. इतक्या हंगामांत तिनं एकही जलसा पाहिला नव्हता.

आणि जलशात मी लिहिलेला वग व्हायचा, तो तिचाच होता.

माय रेच्यावर कामाला होती. पाळी चालू असताना बायांनी बाहेर पडू नये म्हणून तिथले मुनीम मोठं दार बाहेरून साखळी घालून बंद करत. भोंगा होईपर्यंत उघडत नसत. माझी धाकटी बहीण तेव्हा अंगावर पीत होती. माय तिला बाहेर निंबाच्या झाडाला झोळी बांधून त्यात ठेवायची आणि आत जायची. एके दिवशी पोर रडायला लागली ती थांबेचना. मायनं आतून दार बडवलं. कुणी उघडलं नाही. वग एवढाच. बहीण पुढच्या पावसाळ्यात तापानं गेली. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं माय म्हणते. तिच्याशी मी वाद घालत नाही. बाकी सगळ्या जगाशी घालतो.

शिंपी मायचं काम करायचा. गुडघ्यांवर बसून स्टेजच दोन्ही हातांनी बडवायचा. समोर बसलेल्या, रेच्यावर काम करणाऱ्या बाया पदर तोंडात धरत. घरी येऊन मी मायला सांगायचो, आज असं झालं, बाया अशा रडल्या. ती म्हणायची, "असन. मले दिसन कधी तरी."

मग शेठ आले. एकदा त्यांनी कवाडांची मिरवणूक रस्त्यानं जाताना पाहिली आणि दुसऱ्या दिवशी वस्तीत येऊन म्हणाले, "अरे भाई, घर के दरवाजे निकालके नाचते हो? मेरे यहाँ सागवान पड़ा है, ले जाओ." आमच्यात बसून त्यांनी आमच्या कपातला गुळाचा चहा घेतला. त्या काळी त्यांच्यासारख्यानं ते करणं सोपं नव्हतं, हे मी मान्य करतो. चांगल्या माणसाशी भांडणं किती कठीण असतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

फळ्या आल्या, छपराला टिना आल्या, गॅसबत्त्या आल्या. सभागृहाचा पाया खणायला, दगड वाहायला सगळी वस्ती होती, मीही होतो. विटा पायऱ्यांत गेल्या. लुगडी उसवून बायांनी घरी नेली, कारण शेठनी लाल मखमलीचा पडदा दिला. मी दगड वाहताना एकच गोष्ट मनात धरून होतो. आता कवाड घरालाच राहील, आणि माय येईल.

उद्घाटन जवळ आलं तेव्हा विहारात बैठक झाली. गुरुजी हळूच म्हणाले, "तो रेच्याचा वग तेवढा राहू द्या."

मी उभा राहिलो. "शेठ असं म्हणाले?"

"शेठ कायले म्हणतीन? मुनीम बोलले. बाकी सगळं करा म्हणते ना ते. वंदना करा, समतेचे गाणे म्हणा."

"समता म्हणा, फक्त साखळी म्हणू नका. असंच ना?"

"अरे, तुयी मायही येईन आता पाहाले," गुरुजी म्हणाले. "त्या बाईचा तं इचार कर."

मी मामांकडे पाहिलं. ते ढोलकीची दोरी उगाच ओढून पाहत होते.

"बाबू, तुये पत्रकं मी आयकतो," ते म्हणाले. "पण माही पोरगी या हंगामात रेच्यावर लागून राह्यली. तिले काढलं तं तू ठेवशीन कामाले?"

"अन् मले पह्यल्यांदा सरळ फळी भेटून राह्यली लेका," शिंपी म्हणाला. "तुया टिनानं टाच फाटली होती माही."

सगळे हसले. हात वर करायला सांगितले. वगाच्या बाजूनं माझाच हात वर होता, तो मी उगाच बराच वेळ तसाच ठेवला.

मंडळाची पत्रकं आजवर मीच लिहायचो; त्यानंतर माझी स्वतःची लिहिली. विहाराच्या भिंतीला लावली, रेच्याच्या फाटकासमोर वाटली. पत्रकात 'आम्ही' लिहायची मला सवय. 'आम्ही विचारतो', 'आम्ही खपवून घेणार नाही'. लिहून झालं की खाली कुणाचं नाव घालायचं हा प्रश्न पडे. मंडळ माझं राहिलं नव्हतं. कुणी मला टाकलं नाही, कुणी भांडलंही नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. हापशावर गेलो की लोक "कसं काय बाप्पा" म्हणत आणि घागर भरून निघून जात. शिंप्याच्या दुकानात मी बसलो की तो मशीन जोरात चालवायचा. टिन म्हणून हाक मारायचंही पोरांनी सोडलं होतं. त्याची सर्वांत जास्त आठवण यायची.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मायनं चूल लवकर आटोपली. केस विंचरले.

"तो वग हाये?" तिनं विचारलं.

"नाही."

ती कवाड लावून आत येऊन बसली. "तू जा," मी म्हटलं, "गाणे चांगले हायेत." ती म्हणाली, "सवय नाही रे मले. घरूनच आयकू येते." आणि खरंच येत होतं. मामांची ढोलकी सागवानावर अशी घुमत होती की आमच्या मडक्यांतलं पाणी हलत असेल. लोक टाळ्या वाजवत होते. दार लावलेल्या घरात आम्ही दोघं बसलो होतो. आधीच्या जलशांत ती अशीच बसत असणार. फरक एवढाच की तेव्हा दार नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रेचा बंद होता. दुपारी मी आमचं कवाड खाचेतून उचललं. मायनं विचारलं, "कुठं नेतं?" मी सांगितलं. ती उंबऱ्यावर जाऊन बसली, नेहमीसारखी.

सभागृहासमोरच्या मातीत मी चार दगड मांडले आणि कवाड टाकलं. एवढ्याशा स्टेजवर एकच माणूस उभा राहू शकतो. माझ्याकडे दुसरा नव्हताच. मी ओरडून सांगितलं की रेच्याचा वग होणार आहे, या. शिंपी सायकलवरून जाता जाता थांबला.

"अबे, एकट्याचा कुठं जलसा राह्यते?"

"मंग थांब ना तू."

त्यानं एक पाय जमिनीवर टेकवला, गुरुजींच्या घराकडे पाहिलं आणि पायडल मारलं. बाकी कुणी आलं नाही. खिडक्यांत डोकी होती. मी सुरुवात करू की नको म्हणत उभा राहिलो, तेवढ्यात माय येताना दिसली. अंगावर ते पांढरं लुगडं. पडद्याच्या शिवणीची भोकं काठाला तशीच होती.

"घर उघडं टाकून आली?" मी म्हटलं.

"काय नेतीन लोक? कवाड तं तूच आणलं."

ती समोर मातीत बसली, मांडी घालून, पुढच्या रांगेत. मी वग सुरू केला. मी बाईचं काम कधी केलं नव्हतं. गुडघ्यांवर बसलो, दोन्ही हातांनी पत्रा बडवला. वस्तीभर खणखण वाजलं. मी ओरडलो, "दार उघडा हो, दया करा, लेकरू रडून राह्यलं!"

"मी दया नव्हतं म्हटलं," माय खालून म्हणाली.

मी थांबलो. "मंग काय म्हटलं?"

"शिव्या देल्ल्या. मुनिमाच्या बापाले."

"कोणत्या?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि सांगितल्या. हळू आवाजात, पण एकही न गाळता. त्या इथं लिहिता येत नाहीत. मी पुन्हा पत्रा बडवला आणि त्या सगळ्या, आहे तशा, पूर्ण आवाजात म्हटल्या. मामांच्या घरातून कुणी तरी बाई खळखळून हसली. मी तिकडे पाहिलं. हसू थांबलं. दार उघडलं नाही.

वग संपला तेव्हा मायनं टाळी वाजवली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कवाडाची एक बाजू धरली. दुसरी मी धरली. दिवेलागण होत होती. कवाड खांद्यावर घेऊन आम्ही घराकडे निघालो. वाटेत प्रत्येक घराला दार होतं, आणि ते लावलेलं होतं.