नरसिंहाचा ओला रंग

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर सोमादादाच्या आठवणी सांगता सांगता मी ती पुन्हा टाळेन. तो गेल्याचा फोन आला तेव्हा जव्हारच्या माझ्या दुकानात मी एका पाटीवर अक्षरं काढत होतो. छातीत कळ आली आणि संपलं, असं त्याचा मुलगा सांगत होता, आणि माझ्या हाताशी थिनरचा डबा उघडा होता... तो वास नाकात गेला आणि मला थेट बोहाड्याची, मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवाची, ती पहाट दिसली.

सोमादादा सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचा. नाचणी-वरईचा शेतकरी, पण बोहाड्यातलं नरसिंहाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे. मुखवटा रंगवायला तो माझ्याकडे आणायचा. त्या वर्षी होळीआधीच आणून दिला होता. मी पाट्यांच्या कामात राहिलो आणि हात लावला तो बोहाड्याच्या आदल्या संध्याकाळी. रंग लवकर वाळावा म्हणून थिनर भरपूर ओतलं, आतला स्पंज सोल्युशननं चिकटवला आणि सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं. दोन्हींत टोल्युइन असतं. पाण्यासारखं दिसणारं, गोडसर उग्र वासाचं, पटकन उडून जाणारं. त्याची वाफ कोंडली की माणसाला आधी हलकं, आनंदी वाटतं, मग गरगरतं. जास्त झालं तर शुद्ध जाते, काळजाचा ठोकाही चुकतो. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाऊन लांबच्या ज्योतीवर पेट घेते. हे सगळं मला ठाऊक होतं.

आणि काय नाचला तो! उजाडत होतं, संबळ घुमत होता, दोन्ही बाजूंना टेंभे, आणि नरसिंह खांब फोडून आल्यासारखा सुटला! पाय जमिनीला टेकतच नव्हते. बाया हात जोडत होत्या, पोरं छपरांवर चढली होती, "वारं आलं, वारं आलं!" मीही ओरडलो, अंगावर सरसरून काटा आला होता. मुखवटा उजळावा म्हणून टेंभेवाल्यानं ज्योत त्याच्या तोंडापाशी नेली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला... मी गर्दीत घुसलो, तोवर तो कोसळला होता. मुखवटा काढला. डोळे तांबडे, ओकत होता आणि हसत होता. "पेंटर, देव आला व्हता रं!"

"हो, दादा," मी म्हणालो. तेवढंच.

पुढे मी मुखवटा महिनाभर आधी रंगवून उन्हात ठेवू लागलो, स्पंज शिवून बसवू लागलो. सोमादादा दरवर्षी नाचला, सुंदर नाचला, पण अंगात पुन्हा वारं आलं नाही. लोक चिडवायचे, "सोम्या, तुझ्या नरसिंहाची एसटी चुकली का काय?" तो हसायचा, दुकानात येऊन बसला की मात्र विचारायचा, "माझ्यातच काय खोट हाय का रं, पेंटर?" देव परत यावा म्हणून भगताच्या सांगण्यावरून त्यानं सुकट सोडली. सुकटीवर जीव असलेला माणूस! आणि मी चहा मागवायचो.

परवा त्याचा मुलगा मुखवटा घेऊन आला. यंदापासून सोंग तो घेणार. डोळे नुसते चमकत होते. "काका, बापाच्या टायमाला केला व्हता तसाच करा. आदल्या सांजेला, ओला. बाप सांगायचा, ओल्या रंगात देव येतो."

ओला रंग, टेंभे, आणि आत हा पोरगा! मी शटर ओढलं, त्याला मुखवट्यासकट मोटारसायकलवर मागे बसवलं आणि थेट पाडा गाठला. वहिनींसमोर, त्याच्यासमोर, सगळं सांगितलं. मुलगा उठून अंगणात गेला.

"मरेपर्यंत सुकट खाल्ली नाय त्यानं," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी मुखवटा उचलून कुडाच्या भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. "मना काय सांगतोस? त्याला सांग."

मी जवळ गेलो. आतून थिनरचा वास केव्हाच उडून गेला होता. सोमादादाच्या घामाचा तेवढा राहिला होता. बाहेर अंगणात मुलगा पाय आपटत होता... रागानं असेल असं वाटलं, पण नाही, ती नरसिंहाची पावलं होती, ऐन संबळाच्या ठेक्यातली.

"सोमादादा," मी म्हणालो, "देव रुसला नव्हता. त्या पहाटे माझ्या डब्यानं तुला नाचवलं, आणि मी गप्प बसलो. नंतरची सगळी वर्षं तू नाचलास ते तुझ्याच पायांवर. खोट तुझ्यात नव्हती रे. मला माफ कर."