दादांचं मत

फोन शुभावहिनींचा नव्हता, त्यांच्या मुलीचा, नंदिनीचा होता. "सुमनआत्या, डॅड इज गॉन," एवढंच ती म्हणाली. मी तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने लावत होते. हातमोजे काढायचंही सुचलं नाही, तशीच फोन धरून उभी राहिले. पुढे इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. सगळे दादांबद्दल भरभरून बोलले, आणि मला बोलायचा आग्रह झाला तेव्हा मी नुसती मान हलवली. मी त्यांची मानलेली बहीण, तेव्हा लोकांना वाटलं, हिचा घसा दाटून आला असेल. तो दाटला होता हे खरं, पण निम्मा रागाने. आज काही आठवडे झाले, तरी तो राग उतरलेला नाही. म्हणूनच लिहायला बसले आहे.

प्रभाकरदादा अमेरिकेत, एडिसनला, आमच्या बरेच आधी आलेले. केमिकल कंपनीत इंजिनीअर. त्याही आधीची त्यांची खरी ओळख म्हणजे नागपूरच्या कॉलेजचे वक्तृत्वाचे हिरो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमध्ये मिळालेल्या ढाली ते अमेरिकेत घेऊन आले होते, बाकीचे लोक लोणची-पापड आणत असताना. मी एकुलती एक आणि नव्याने आलेली. बर्फात गाडी कशी चालवायची इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. पहिल्याच भेटीत, तुला भाऊ नाही आणि मला बहीण नाही, प्रश्न मिटला, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. माझ्या नवऱ्याला, सुरेशला, त्या दिवसापासून ते जावईबापू म्हणू लागले, आणि त्यालाही ते आवडायचं.

ऐंशी सालच्या निवडणुकीत मी पहिल्यांदा त्यांच्या बेसमेंटमध्ये अध्यक्षपदाची डिबेट पाहिली. पाहिली म्हणण्यापेक्षा दादांना पाहिलं. टीव्हीसमोरची खुर्ची त्यांची, शेजारी तिपाईवर देवघरातली घंटा. उमेदवार दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलला की दादा घंटा वाजवायचे, थेट परीक्षकांसारखी. "प्रश्न काय, हा बोलतोय काय. टॉपिक सोडला, दोन मार्क गेले." "पाठ करून आलाय, बघ, डोळे वर गेले." कोणी विनोद केला आणि सभागृह हसलं की त्यांचं डोकं फिरायचं. हशा म्हणजे मुद्दा नव्हे, हे ते टीव्हीकडे बोट करून सांगायचे. समोरचा उमेदवारही त्या विनोदावर हसला, तर तो तिथेच हरला असा निकाल ते देऊन टाकायचे आणि पुढचं ऐकायला तयार नसायचे. समारोप करताना कोणी हात जास्त हलवला तर तालुका पातळीवरचा वक्ता म्हणून त्याची संभावना व्हायची. नंदिनी तेव्हा लहान होती. ती एकदा पायरीवरून म्हणाली, "डॅड, दे कांट हिअर यू." आम्ही पोट धरून हसलो, आणि दादाही हसले.

टीव्ही बंद झाला की खरी सभा सुरू व्हायची. आम्ही बहुतेक सगळे ग्रीनकार्डवाले, म्हणजे अजून नागरिक नसलेले. चिवडा खाताखाता कोणी म्हणालं की मला तर बुवा तो दुसराच बरा वाटला, की दादा त्याला मध्येच थांबवायचे. "तुझ्याकडे मतं पुष्कळ आहेत, मत एकही नाही. आधी मत मिळव, मग मत दे." आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द, आणि दादांनी त्या एका शब्दावर आम्हा सगळ्यांना धरलं. कर भरता, घरं घेता, पोरं इथे जन्माला घालता, आणि निवडणुकीच्या दिवशी खिडकीतून बघत बसता… त्यांचं बोलणं ऐकताना अंगावर काटा यायचा. खोटं कशाला सांगू, आजही आठवलं की येतो.

मग शनिवारी त्याच बेसमेंटमध्ये त्यांनी शिकवणी सुरू केली. नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न ते मराठीत समजावून सांगत, आणि शपथ तर उच्चारासकट घोटून घेत. शुभावहिनी पहिल्या तुकडीत होत्या. माझा पाय मात्र अडला होता, त्याचं कारण माझे बाबा. अमरावतीजवळच्या गावात ते हेडमास्तर होते, आणि प्रत्येक निवडणुकीत त्यांची मतदान केंद्रावर ड्युटी लागे. मी एकवीस वर्षांची झाले तेव्हा माझं नाव यादीत घालायला ते स्वतः तहसीलला गेले होते, आणि माझ्या बोटाला पहिली शाई त्यांनीच लावली, चेहऱ्यावर काही ओळख न दाखवता. मी नागरिकत्वाचं फोनवर सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. "म्हणजे इथल्या यादीतून तुझं नाव जाईल," एवढंच म्हणाले. मग पाऊसपाण्याचं विचारलं. त्या फोननंतर मला जेवण गेलं नाही.

मी दादांकडे गेले आणि सांगितलं, मला नाही जमणार. त्यांनी मला समोर बसवलं, वहिनींना चहा टाकायला सांगितलं, आणि स्पर्धेतला आवाज बाजूला ठेवून अगदी हळू बोलले. "पासपोर्ट म्हणजे कागद गं सुमन. बाप काय कागदावर असतो का? तो कुठे जात नाही." मी विश्वास ठेवला. ज्या माणसाला आपण भाऊ म्हणतो त्याच्यावर नाही ठेवायचा, तर कोणावर ठेवायचा? शपथेच्या दिवशी दादाच आम्हाला नेवार्कच्या कोर्टात घेऊन गेले. आम्ही हात वर करून आपल्या देशावरची निष्ठा सोडल्याचं म्हणत होतो तेव्हा ते मागे उभे राहून फोटो काढत होते. बाहेर आल्यावर त्यांनी पेढे वाटले.

ते स्वतः कधीचे नागरिक झाले असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. विचारायची गरजच वाटली नाही. चौऱ्याऐंशीला माझं इथलं पहिलं मतदान. दादा नवीन शर्ट घालून सकाळपासून लोकांना शाळेतल्या केंद्रावर सोडत होते, पुन्हा घरी आणून सोडत होते. तुमचं झालं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "माझं सकाळीच आटोपतं." कोणाला दिलं, म्हटलं. तर डोळे मिचकावून म्हणाले, मतदान गुप्त असतं. आता वाटतं, वक्त्याची किती तयारी. एकही वाक्य खोटं नाही… आणि एकही खरं नाही.

दोन वर्षांनी चुलतभावाचा फोन आला. बाबा दवाखान्यात आहेत, लवकर निघ. शुक्रवारची संध्याकाळ होती, आणि मला आता माझ्या बापाला भेटायला व्हिसा लागत होता. शनिवार-रविवार न्यूयॉर्कची भारतीय कचेरी बंद. ते दोन दिवस मी घरात कशी फिरले ते सुरेशला विचारावं. सोमवारी दादांनी रजा टाकली, गाडी काढली, थर्मासमध्ये चहा घेतला आणि माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. मी रडत होते. माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "अगं, सगळ्यांचंच असं होतं. आपण सगळे एकाच बोटीत." मला त्याचा केवढा आधार वाटला होता. मी गावी पोचले तेव्हा बाबांच्या खोलीत जमिनीवर दिवा तेवत होता. अग्नी चुलतभावाने दिला होता. सोमवारी दुपारपर्यंत ते शुद्धीत होते, प्रत्येक गाडीच्या आवाजाला सुमन आली का म्हणून विचारत होते, हे त्याने मला सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

यंदाच्या उन्हाळ्यात दादांच्या आईचं तसंच झालं. शनिवारी सकाळी नागपूरहून फोन आला आणि त्याच संध्याकाळी दादा विमानात बसले. आईला ते भेटले. तिने त्यांच्या हातून पाणी घेतलं, आणि मग गेली. मी वहिनींकडे पोळ्या करायला गेले होते. कणीक मळतामळता मी सहज विचारलं, शनिवारी व्हिसा कसा मिळाला, ओळख काढली का कोणाची? वहिनी लाटणं फिरवत म्हणाल्या, "त्यांना कुठे लागतो व्हिसा?" आणि मग लाटणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तव्यावरची पोळी जळाली, तिचा वास घरभर झाला. त्यांना मी आणखी काही विचारलं नाही. एवढी वर्षं त्यांनी हे कसं पोटात ठेवलं असेल ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांच्यावरही मी रागावले, हेही सांगून टाकते.

दादा परत आल्यावर मी त्यांना भेटायला गेले नाही. गेले ती डिबेटलाच, सप्टेंबरात. बेसमेंट भरलं होतं. दादा थकले होते, आईचं दुःख होतं, मधूनमधून छाती चोळत होते, पण घंटा तिपाईवर होती. नेहमीसारखं चाललं होतं. एकाला भावनाच नाही म्हणून मार्क कापले, दुसऱ्याला वाक्य पुरं करता येत नाही म्हणून. लोक हसत होते, मी एकटी बसून होते. शेवटी रटगर्स विद्यापीठात शिकायला आलेला एक नवा मुलगा काहीतरी बोलायला गेला आणि दादा त्याला म्हणाले, "आधी मत मिळव, मग मत दे."

"दादा, तुमचं मत कुठे आहे?" मी म्हटलं.

ते हसले. "सुमन, मतदान गुप्त असतं."

"गुप्त असायला आधी असावं लागतं."

खोलीत कोणाला काही कळलं नाही. दादांना कळलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. थोड्या वेळाने मी कोट घ्यायला वर गेले, तर ते मागोमाग जिना चढून आले, धापा टाकत स्वयंपाकघरात बसले. म्हणाले, दोनदा नेवार्कला गेलो होतो. दोन्ही वेळा दारातून परत फिरलो. "शपथ पाठ होती गं. तुम्हा सगळ्यांकडून मीच पाठ करून घेतली. माझ्याच तोंडून निघेना. आई डोळ्यासमोर यायची."

"आणि माझे बाबा? ते नाही आले डोळ्यासमोर?"

एवढा बोलणारा माणूस, त्याला शब्द शोधायला लागत होते. मग म्हणाले, "तुम्ही सगळे एक दिवस परत गेला असतात. मग मी इथे कोणाशी बोललो असतो?"

एका माणसाला ऐकायला श्रोते हवे होते म्हणून आम्ही आमचा देश दिला, आणि त्याने स्वतःचा जपून ठेवला. मी कोट चढवला आणि निघाले. वहिनी दारापर्यंत आल्या, मी थांबले नाही. तीच माझी आणि दादांची शेवटची भेट. त्यानंतर त्यांचे दोन फोन आले, ते सुरेशने घेतले. ऑक्टोबरात, पुढच्या डिबेटनंतर थोड्याच दिवसांत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये दादा कोसळले.

अस्थी नागपूरला न्यायच्या ठरल्या. वहिनी आणि नंदिनी, दोघींना व्हिसा हवा होता. त्या दोघींनाच कचेरीत जाववेना, म्हणून मी बरोबर गेले. खिडकीवरच्या माणसाने नेहमीचा प्रश्न विचारला, कशासाठी जाताय? वहिनी इंग्रजीत बोलायला गेल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "ह्यांना घरी सोडायचंय." तो माणूस मराठी नसावा, पण त्याने पुन्हा विचारलं नाही. नंदिनी, जी आता कॉलेजात आहे, ती गाडीत मला म्हणाली की डॅडींनी तुला फसवलं, मला आईने सांगितलंय असं नाही, मीच ऐकलं त्या दिवशी जिन्यावरून. हे सगळं ती इंग्रजीत म्हणाली. शेवटचं एक वाक्य तेवढं मराठीत: "मला पण राग आलाय, आत्या."

निवडणूक झाली. मी मत दिलं. पडदा ओढून यंत्रासमोर उभी राहिले तेव्हा दादा या दोघा उमेदवारांपैकी कोणाच्या बाजूचे होते हे मला माहीतच नाही, हे लक्षात आलं. आठ वर्षं त्यांनी मार्क दिले, बाजू कधी घेतली नाही. मी माझ्या मनाने खटका ओढला.

त्याच आठवड्यात भाऊबीज आली. दरवर्षी दादा यायचे, मी ओवाळायचे. या वर्षी संध्याकाळी सुरेशने न विचारताच तबक तयार करून ठेवलं होतं, निरांजन, सुपारी, सगळं. म्हणाला, बाहेर बीजेची कोर दिसतेय, चंद्राला ओवाळ. आपल्याकडे ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. मी तबक घेऊन मागच्या अंगणात गेले, थंडीत थोडा वेळ उभी राहिले, आणि न ओवाळता परत आले. सुरेशने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मला भाऊ नव्हता असं कसं म्हणू? होता. त्याने मला फसवलं, आणि तो माझा भाऊ होता.