सुतकात साफ केलेला पूल

अप्पा गेले आणि दहावा व्हायच्या आधीच त्यांच्या मुलीने स्विमिंग पूल साफ केला.

हो, केला. मी सोबत होतो. पाइप मी धरला होता.

वर्षभर ही गोष्ट कुजबुजत फिरतेय. म्हणून आज, अप्पांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, मीच मोठ्याने सांगतो.
ज्यांना स्क्रीनशॉट काढायचाय त्यांनी खुशाल काढा.

अप्पा म्हणजे वारज्यातल्या आमच्या सोसायटीचा पूल सांभाळणारा माणूस. खांद्यावर लांब दांडा, दांड्याच्या टोकाला कधी जाळी, कधी ब्रश. कपाळावर कायमची आठी.

मी वाघोलीचं इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी बसलो होतो. अप्पांच्या मदतीला त्यांची मुलगी केतकी यायची. मग मलाही अचानक पूल मेंटेनन्समध्ये इंटरेस्ट निर्माण झाला.

अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोहता येतं का, विचारलं. म्हटलं, उत्तम येतं.

"मग घरी जा. इथे पाण्यात न पडता काम करायचं असतं."

गेलो नाही. शेवटी त्यांनी वैतागून हातात ब्रश दिला. मी जोर लावून भिंत घासली. शेवाळाचा ढग उठला आणि अख्खं पाणी गढूळ.

"अहो इंजिनिअर, पाण्याने काय घोडं मारलंय आपलं? हळू. गाळ उठवायचा नसतो, ढकलत न्यायचा असतो."

केतकी हसली.
तो ब्रश मी नंतर सोडलाच नाही.

अप्पांचा एक नियम होता. सकाळी काठावर उभं राहायचं आणि सगळ्यात खोल भागात तळाला बसवलेली जाळी बघायची. स्वच्छ दिसली तर गेट उघडायचं. नाही दिसली तर कुलूप.
एकदा चेअरमनचे पाहुणे टॉवेल घेऊन ताटकळले, तरी उघडलं नाही. चेअरमन स्वतः खाली आले, आवाज चढवला.
अप्पा एवढंच म्हणाले, "बुडालेलं पोर मला वरून दिसलं पाहिजे."

आणि मग ऐन मे महिन्यात अप्पा गेले. हार्ट अटॅक. कोणाला काही कळायच्या आत.

घरात सुतक. अप्पांचे मोठे भाऊ नारायण पेठेतून येऊन बसले. कोणी घराबाहेर पडायचं नाही, कामाचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. ठीक आहे. त्यांचाही भाऊ गेला होता.

पण मेच्या उन्हात क्लोरीन न पडलेलं पाणी सुतक पाळत नाही. ते हिरवं होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. छान सांत्वन केलं, आणि त्याच दमात म्हणाले की सुट्टीतली बॅच काही थांबवता येणार नाही.
मग वॉचमनचा आला. तळ दिसत नाहीये ताई, तरी पोरं उतरतायत, मी कोणाकोणाला अडवू.

केतकी उठली.

"बापाला जाऊन चार दिवस नाही झाले," मोठे काका म्हणाले. "सुतकात कामाला जातात का कोणी?"

मी म्हटलं, मी एकटा जातो. मला वाटलं, हिरो होईन.

"तुझं कोण ऐकणार तिथे?" ती म्हणाली. "मी अप्पांची मुलगी आहे. माझं ऐकावं लागेल."

खिळ्यावरची किल्ली घेतली आणि निघाली.

पुलावर तिने शिट्टी मारून सगळी पोरं बाहेर काढली. एका मुलाचे वडील हुज्जत घालायला लागले. ती शांतपणे म्हणाली, तळ दाखवा, लगेच उघडते. त्या माणसाने पाण्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मुलाचा हात धरून गुपचूप निघून गेला.

गेटला कुलूप लावून आम्ही भिंती घासल्या, क्लोरीन टाकलं, फिल्टर चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी तळाला बसलेला गाळ ओढायला व्हॅक्यूम लावला. ती दांडा पुढेमागे करत होती आणि रडत होती. दांड्याचा वेग एकदाही बदलला नाही.
मी पाइप धरून उभा. 

घरी कोणी तिच्याशी बोललं नाही. काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, फक्त अंघोळीचं पाणी काढलं आणि ताट वाढलं.

आता आजचं.
वर्षश्राद्ध मोठ्या काकांकडे आहे. त्यांनी निरोप पाठवला: केतकीने सगळ्यांसमोर फोटोपुढे हात जोडून चूक कबूल करावी, मगच पानावर बसावं.

केतकी म्हणाली, चूक झालीच नाही तर कबूल काय करू.

मोठे काका, तुमचा मुलगा माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, तो तुम्हाला हे वाचून दाखवेलच. ती माफी मागणार नाही. त्या दिवशी एखादं पोर तळाशी गेलं असतं तर कोणाला दिसलं असतं, एवढं सांगा. सांगता आलं तर मी येऊन तुमच्या पाया पडतो.

आणि जे म्हणतात की मी हे सगळं मुलीसाठी करतोय, त्यांना: हो, मला ती आवडते. तिने अजून हो म्हटलेलं नाही. कदाचित कधी म्हणणारही नाही. तरी पोस्ट डिलीट होणार नाही.

आज सकाळी सातला आम्ही पुलावर होतो. मागून काकू आल्या. नारायण पेठेत न जाता थेट इकडे. नवऱ्याने एवढी वर्षं जिथे काम केलं, ती जागा त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

"हे कुठे उभे राहायचे गं?"

केतकीने बोट दाखवलं. काकू चप्पल काढून तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

अप्पा, नमस्कार.
श्रद्धांजली मनापासून आहे. थोडा राग मिसळलाय तिच्यात, तेवढा चालवून घ्या.