निवडणूक होऊ दे, मग या

माझा नवरा केनियात सूतगिरणीत नोकरीला गेला तेव्हा मुलगी पहिलीत होती. त्याआधी तो नागपूरजवळच्याच एका गिरणीत होता. ती बंद पडली आणि ओळखीतल्या एका स्पिनिंग मास्तरनं त्याला तिकडे बोलावून घेतलं. घरात मागे उरलो मी, मुलगी आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मामाजींनी उमरेडला उभं आयुष्य हातमागावर लुगडी विणली. माग विकल्यावर ते आमच्याकडे नागपुरात दिघोरीला राहायला आले. मी रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, अजूनही आहे. सकाळी मुलीला शाळेच्या ऑटोत बसवायचं, स्कूटीनं ड्यूटीवर जायचं, संध्याकाळी परत. नवरा वर्षातून एकदा यायचा.

मुलगी चौथी पास झाली आणि आम्ही दोघींनी तिकडे जायचं ठरलं. पासपोर्ट झाले. तिथल्या शाळेची चौकशी झाली. मामाजी नणंदेकडे राहणार होते. मग एका रविवारी नवरा फोनवर म्हणाला, "ऑगस्टमध्ये इथं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक हाय. ती होऊ दे, मग या. इकडं निकालानंतर कधीकधी गडबड होते."

ते दोन हजार बावीस साल होतं. तोवर केनियाचा राष्ट्राध्यक्ष कोण आहे हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याच्या या एका वाक्यानंतर घरात दुसरा विषय राहिला नाही.

सुरुवात मामाजींनी केली. त्यांना इंग्रजी येत नाही. ते मोबाइलवर केनियाची चॅनलं लावायचे, चित्रं बघायचे आणि अडलं की मुलीला हाक मारायचे. ती बातमी वाचून मोडकातोडका अर्थ सांगायची. त्यांना कळलं ते असं: तिथला राष्ट्राध्यक्ष दोनदा निवडून आला होता, आता त्याला पुन्हा उभं राहता येत नव्हतं. त्याचा उपाध्यक्ष उभा होता. पण राष्ट्राध्यक्षानं आपल्या उपाध्यक्षाला सोडून, ज्या म्हाताऱ्या नेत्याशी आयुष्यभर भांडला त्यालाच पाठिंबा दिला होता. मामाजी हे ऐकून पोट धरून हसले.

"हे तं आपल्या इकडच्यासारखंच होऊन राहिलं वं," ते मला म्हणाले.

"मामाजी, तुमचा कोण?"

"म्हातारा. पाचव्यांदा उभा हाय तो. इतक्या वेळा पडला तरी उभा राहते म्हणजे काही असंन त्याच्यात."

त्यांच्या मित्रांची बैठक चौकातल्या चहाच्या टपरीवर असे. तिथेही त्यांनी तो म्हातारा नेऊन पोचवला. तो निवडून येणारच, असं ते सगळ्यांना सांगत. लॅबमध्ये माझंही तेच झालं होतं. सॅम्पल मशीनला लावून मी फोन बघायची. बाजूच्या टेबलवरची मैत्रीण एकदा म्हणाली, "काहून वं, आपल्या महानगरपालिकेची निवडणूक कधी हाय ते तुले माहीत नाही, अन् त्या देशाचं काय घेऊन बसली?" मी म्हटलं, माझं तिकीट त्याच्यावर आहे. ते खरंच होतं.

मतदानाच्या आठवड्यात गिरणी बंद ठेवली होती. कामगार मत द्यायला आपापल्या गावी जातात, तशी तिकडे रीतच आहे. नवरा आणि दुसरे चार-पाच भारतीय गिरणीच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये पीठ, तांदूळ, मेणबत्त्या भरून बसले होते. गिरणी बंद व्हायच्या आदल्या दिवशी त्यानं व्हिडिओ कॉल केला. त्याच्या शेजारी वाइंडिंग खात्याची, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्याची, मुकादम उभी होती. पन्नाशीची, उंच, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तिच्याबद्दल मी बरंच ऐकलं होतं. नवरा तापानं पडला होता तेव्हा तिनंच त्याला पेज करून नेली होती. तिची इंग्रजी सावकाश होती, माझीही तशीच, त्यामुळे आमचं जमलं.

मामाजींनी मागून डोकं घातलं. "तिले विचार, तिचा माणूस कोणता?"

मी विचारलं. ती हसली, पण सांगितलं नाही. मग म्हणाली, पंधरा वर्षांपूर्वीच्या निवडणुकीनंतर आमच्या भागात दंगल झाली होती, तेव्हा शेजाऱ्यांनीच माझं घर जाळलं. आम्ही दोन महिने चर्चच्या मैदानात तंबूत राहिलो. तेव्हापासून मी कोणाला मत देते ते नवऱ्यालाही सांगत नाही. या वेळीही मत द्यायला जाणार आहे, पण मुलींचे कपडे आणि कागदपत्रं एका पिशवीत भरून दाराशी ठेवली आहेत.

मी हे मामाजींना मराठीत सांगितलं. त्यांनी मोबाइलसमोर हात जोडले आणि आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी टपरीवर म्हाताऱ्याचं नाव काढणं सोडलं. घरात बातम्या मात्र बघत राहिले.

मतमोजणी लांबत गेली. वेगवेगळी चॅनलं वेगवेगळे आकडे दाखवत होती, मग त्यांनीही आकडे देणं थांबवलं. नवरा रोज तेवढंच सांगायचा, "अजून काही नाही. रस्ता सुना हाय. दुकानं बंद हायत." राखीला नणंद आली, तिनंही आल्या आल्या केनियाचं विचारलं.

निकाल आला तो पंधरा ऑगस्टला. आमच्या गच्चीवर झेंडा लावलेला होता, मुलगी शाळेतून मिळालेली जिलेबी खाऊन दमून झोपली होती. निकाल वाचायच्या आधी तिथल्या सभागृहात धक्काबुक्की झाली, निवडणूक आयोगाच्या निम्म्याहून जास्त सदस्यांनी निकाल आम्हाला मान्य नाही असं सांगितलं, आणि तरीही आयोगाच्या अध्यक्षानं तो वाचला. उपाध्यक्ष थोडक्यात निवडून आला होता. मामाजींचा म्हातारा पाचव्यांदा पडला.

मी लगेच फोन लावला. नवऱ्यानं खिडकी उघडून बाहेरचा आवाज ऐकवला. लांबून कुठून तरी गाड्यांचे हॉर्न येत होते, बाकी काही नाही. मुकादम तिच्या गावी सुखरूप होती, तिचा निरोप आला होता.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. म्हाताऱ्या नेत्यानं सुप्रीम कोर्टात धाव घेतली. त्याच्या आधीच्या निवडणुकीत त्याच कोर्टानं निकाल रद्द करून पुन्हा मतदान घ्यायला लावलं होतं, हे मुलीनं शोधून काढलं. म्हणजे या वेळीही तसं होऊ शकत होतं. नवरा म्हणाला, कोर्टाचं होऊ दे, मग तिकीट काढतो. मी बरं म्हटलं आणि कामाला लागले.

कोर्टाचा निकाल गणपतीच्या दिवसांत आला. मला त्या दिवशी सुटी होती. दुपारी मी ओट्याजवळ सांबार निवडत बसले होते, कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो, आणि मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता. मामाजी खुर्चीवर होते. न्यायाधीश एकेक मुद्दा वाचत गेल्या आणि प्रत्येक मुद्दा फेटाळत गेल्या. शेवटी निवडणूक कायम झाली. पुन्हा मतदान नाही. गडबडही नाही.

मामाजींनी उसासा सोडला. मीही सोडला, आणि तो त्यांनी ऐकला.

"माझा माणूस पडला म्हणून मी हळहळलो," ते म्हणाले. "तू काहून?"

मी सांबाराच्या काड्या गोळा करू लागले.

"तुले जायचं नाई का वं?"

हातातली जुडी मी खाली ठेवली. इतके दिवस मी रोज बातम्या बघत होते त्या नवऱ्याच्या काळजीनं, असं मला वाटत होतं. काळजी होतीच. पण कोर्टात अजून काही अडावं, आणखी दोन महिने जावेत, असंही मला आतून वाटत होतं. लॅबमध्ये त्याच वर्षी मला सीनियर केलं होतं. तिकडे जाऊन मी आवारातल्या क्वार्टरमध्ये दिवसभर काय करणार होते? हे मी कोणापाशी बोलले नव्हते. निवडणूक होती तोवर बोलायची गरजच पडली नाही.

"नाही, मामाजी," मी म्हटलं. "नोकरी सोडून नाही जायचं मला."

"मंग त्याले सांग ना. तिथल्या राष्ट्रपतीले कायले मधात घालतं?"

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो चिडला. "हे आधी बोलता येत नव्हतं? मी इथं शाळेची फी विचारून आलो, शेजारची क्वार्टर मागून घेतली," तो म्हणाला. मी म्हटलं, तूही तिकडे जायचं ठरवलं तेव्हा मला आधी विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस. त्यानंतर काही दिवस आमचं बोलणं फक्त मुलीपुरतं होतं. मग एकदा त्याचाच फोन आला. म्हणाला, उन्हाळ्यात सुट्ट्या लागल्या की दोघी येऊन तर जा, राहायचं नाही तर नका राहू.

आम्ही गेलो. नागपुरात अंगाची लाही होत असताना तिकडे मुलीला स्वेटर घालावं लागलं, याचंच तिला सर्वांत जास्त नवल. मुकादमनं आम्हाला घरी जेवायला बोलावलं. जळालेल्या घराच्या जागी नाही, दुसऱ्या गावात तिनं दोन खोल्या बांधल्या होत्या, पत्र्याच्या. तिनं कोंबडी केली होती, आम्ही तिघंही शाकाहारी आहोत हे नवरा सांगायचं विसरला होता, मग तिनं हसत हसत शेजारणीकडून पालेभाजी आणली. तिनं मला विचारलं, तुमच्याकडे राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात? मी सांगायला गेले आणि अडखळले. राष्ट्रपती असतो, पण त्याला आम्ही थेट मत देत नाही, कारभार पंतप्रधान बघतो. तिला ते पटलं नाही. "मग भांडता कोणासाठी?" तिनं विचारलं. नवरा म्हणाला, त्याची काही कमी नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघी परत आलो. कराराचं वर्ष संपल्यावर नवराही आला. आता तो सावनेरकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये आहे. पगार कमी आहे, पण रोज घरी येतो. मामाजींची नजर अधू झाली आहे, त्यांना बातम्या मोठ्यानं वाचून दाखवाव्या लागतात.

मध्ये केनियात कराच्या विरोधात तरुण पोरं रस्त्यावर उतरली, संसदेत शिरली. टीव्हीवर ते बघून नवरा जेवता जेवता उठला आणि मुकादमला फोन लावला. बराच वेळ फोन लागतच नव्हता. मग लागला. तिची धाकटी मुलगी नैरोबीत मोर्चात गेली होती आणि परत आली होती, तिच्या डोळ्यांत अश्रुधुराचा त्रास होता, बाकी ठीक होती. मामाजी ताटावरून म्हणाले, "तिले म्हणा, थंड्या पाण्यानं डोळे धुवायला लाव." नवऱ्यानं ते त्याच्या मोडक्या स्वाहिलीत सांगितलं. पलीकडून ती काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"धुतले म्हणते," तो म्हणाला, आणि पुन्हा जेवायला बसला.