बोर्डासमोर बाबा

माझे बाबा चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या खदानीत, जमिनीखाली काम करत. पुढे पुढे नळावरून बादली आणतानाही त्यांना वाटेत थांबावं लागे. वर्षानुवर्षांची धूळ छातीत बसली होती. मेडिकल बोर्डानं ‘अनफिट’ ठरवलं तर भरपाई मिळेल आणि खाली उतरणं सुटेल, एवढं आम्हाला कळलं होतं.

बोर्डाच्या दिवशी सकाळी आई त्यांना म्हणाली, “तिथी खोकला आला त दाबू नका जी. जसा येते तसा येऊ द्या.”

“मी काऊन दाबू?” बाबा म्हणाले. पण त्यांनी गुळगुळीत दाढी केली होती, वर इस्त्रीचा शर्ट.

मी तेव्हा कॉलेजात होते. एक्स-रेचा लिफाफा घेऊन सोबत गेले, तो बाबांच्या हातात दिला आणि दाराशी उभी राहिले. बाबा आत गेले ते एकदम ताठ.

“काय त्रास आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“तसा काई नाई साहेब. थोडासा दम भरते.”

“जिना चढता?”

“चढतो न साहेब.”

मग त्यांच्या हातात एक नळी दिली. जोरात फुंका म्हणाले. बाबांनी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून फुंकलं. मला राहवेना. “साहेब, घरी यांना...” मी म्हणाले, तेवढ्यात शिपायानं दार लोटून घेतलं.

बाबा बाहेर येऊन बाकावर बसले आणि आतापर्यंत दाबलेला खोकला फुटला. ते दुमडून गेले, ओठ काळेनिळे पडले. मी दार वाजवलं. शिपाई म्हणाला, “आता दुसरा पेशंट आत आहे, बाई.”

बऱ्याच वेळानं बाबांना बोलता आलं. “दरसालच्या तपासणीत असंच बोलत आलो न. खोकलला का काम गेलं. साहेब दिसला का तोंडातून तेच निघते.”

निकाल आला, ‘वरच्या हलक्या कामास योग्य’. खाली जाणाऱ्यांना दिवे वाटायच्या खोलीत त्यांना बसवलं. भरपाई मिळाली नाही, म्हणून आम्ही पुन्हा अर्ज केला. तारीख पुढे जात राहिली आणि ते निवृत्त झाले. बोर्ड फक्त कामावर असणाऱ्यांसाठी असतं, असं मग ऑफिसात सांगितलं.

आडवं झालं की त्यांचा श्वास कोंडायचा, म्हणून आम्ही त्यांना भिंतीला टेकवून बसवायचो. आई पाठ चोळत राहायची. मी समोर नुसती उभी.