दगड उचलले का?

"दगड उचलले का?"

माणसं भेटली की राम राम करतात, जेवण झालं का विचारतात. मामा हे विचारायचे. तुम्ही त्यांना आठवडी बाजारात भेटा, लग्नाच्या मांडवात भेटा, नाहीतर दवाखान्याच्या दारात भेटा. आधी खांद्यावर हात ठेवणार, मग कानाशी तोंड आणून हळूच हे विचारणार. ज्याच्याकडे साधी सायकलसुद्धा नाही असा माणूस गोंधळून जायचा. कुठले दगड, असं त्यानं विचारलं की मामा म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. गाडी घ्याल तवा ध्यानात ठिवा."

आष्टीच्या बाहेर डोंगराकडं जाणारा रस्ता फुटतो, तिथं माझं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, वर पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली जमीन आणि समोर लिंबाचं झाड. मामांची काळी-पिवळी जीप याच रस्त्यानं वरच्या गावांना माणसं न्यायची-आणायची. त्यांचं स्वतःचं गावही वरच, चढ संपला की लगेच. मामा वयानं माझ्या वडिलांएवढे, पण मला 'मिस्त्री' म्हणत आणि अहो-जाहो करत. मला अरे म्हणा, असं मी कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, ज्याच्या हातात गाडी उघडून द्यायची त्याला अरे कसं म्हणू.

गाडीची निगा राखावी तर या माणसानं. आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांची तऱ्हा तुम्हाला माहीतच असेल. गाडी कुरकुरायला लागल्याशिवाय बोनेट उघडायचं नाही, आणि कुरकुरायला लागली तर गाण्यांचा आवाज वाढवायचा. मामा रोज सकाळी चहाच्या आधी बोनेट उघडत. ऑइलची पट्टी ओढून खांद्यावरच्या पंच्याला पुसत, परत घालत, परत काढत आणि उजेडात धरून बघत. पंचा कायम काळा. त्या पंच्यावरून मामी त्यांना इतकं बोलल्या असतील, पण फरक शून्य. मग रेडिएटरचं पाणी, पट्ट्याचा ताण, चाकांची हवा. ग्रीसिंगला माझ्याकडे आले की मी गाडीखाली आणि मामा शेजारी उकिडवे. एखादी जागा माझ्या हातून राहिली तर बोलत नसत, नुसते खोकत. त्या खोकल्याचा मला असा राग यायचा! मग तुम्हीच मारा, म्हणून मी ग्रीसगन त्यांच्या हातात द्यायचो. मामा ती खुशीनं घेत.

आता दगडांचं सांगतो. आमचा हा चढ कुणाला सोडत नाही. उन्हाळ्यात भरलेली गाडी मधल्या वळणापर्यंत आली की काटा वर चढतो, बोनेटमधून वाफ यायला लागते आणि गाडी थांबवावीच लागते. मागं सरकू नये म्हणून चाकाखाली दगड लावायचे. मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून आणखी चार दगड रस्त्यावर मांडायचे, जमलं तर बाभळीची एखादी फांदी टाकायची. ही रीत तुम्हीही पाहिली असेल, केलीही असेल. त्यापुढची रीतही तुम्हाला ठाऊक आहे. इंजिन एकदा चालू झालं की जो तो आत उडी मारतो, ड्रायव्हर म्हणतो चला चला, पुन्हा बंद पडायला नको. दगड तिथंच राहतात. कुणाच्या मनात पाप नसतं. गाडी चालू झाली याच आनंदात माणसं निघून जातात.

हे राहिलेले दगड मामा उचलायचे. सकाळी पहिल्या फेरीच्या आधी रिकामी जीप घेऊन ते चढाचा सगळा रस्ता बघून यायचे. दिवसभरात कुठं दगड दिसला की भरली गाडी थांबवायचे, उतरायचे, दगड पार कडेच्या पाण्याच्या चारीत नेऊन टाकायचे. पाशिंजर वैतागायचे. काहींनी त्यांची गाडीच सोडली. जे राहिले ते शहाणे झाले. दगड दिसला की मामांच्या आधी तेच उड्या मारून उचलायला लागले, तेवढंच घरी लवकर पोचता येतं म्हणून.

मामींनी त्यांना जुन्या गोधडीच्या तुकड्यांचे हातमोजे शिवून दिले होते. एक लाल, एक हिरवा. ते घालून मामा रस्त्यावर उतरले की बाकीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून त्यांना सलाम ठोकायचे. मीही कमी हसलो नाही. मामा शांतपणे सांगायचे, "तिनं शिवल्यात. म्हनली, फांदीचं काटं लागत्यात."

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या निघाल्या की मामांना उसंत नसायची. भांडी, बाजा, कोंबड्या, लेकरं असा अख्खा संसार भरलेल्या त्या ट्रॉल्या वळणावर थांबल्याशिवाय पुढं जात नाहीत. बायका कडेला तीन दगड मांडून चहा करायच्या आणि मामांनाही द्यायच्या. मामा चहा प्यायचे, बशी परत द्यायचे आणि मग ते चुलीचे दगडसुद्धा उचलायला लावायचे.

एकदा तर कहर झाला. निवडणुकीचे दिवस होते. एका पुढाऱ्याची गाडी चढावर पंक्चर झाली. पांढऱ्या कपड्यांतल्या पोरांनी धोंडे आणून लावले, चाक बदललं आणि निघायच्या बेतात असताना मामांनी आपली जीप आडवी लावली. मी स्पेअर चाक काढायला म्हणून तिथं गेलेलो होतो. पुढारी खाली उतरले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याची काही मागणी असेल. काय पाहिजे, रस्ता का पाणी, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "काई नको सायेब. तेवढं दगड उचला." पुढारी हसले, खरंच वाकले, एक धोंडा उचलून त्यांनी फोटोही काढून घेतला. मग पोरांनी बाकीचे उचलले. सगळे गाडीत बसले तरी मामा जीप हलवेनात. "फांदी ऱ्हायली," म्हणाले.

लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलंय. पण मामा आधी असे नव्हते. ऑइल-पाण्याचं वेड जुनं, दगडांचं नवं. ते लागलं त्यांचा मुलगा गेल्यापासून.

एकुलता एक मुलगा. आष्टीत दूध डेअरीत कामाला होता. हसरं पोरगं. माझ्याकडे आला की पान्हे उगाच इकडचे तिकडे करायचा आणि माझ्या शिव्या खायचा. दिवेलागणीला मोटरसायकलवर घरी निघाला होता. वळणावर समोरच्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला आणि त्याचं चाक रस्त्यात पडलेल्या दगडावर चढलं. लोक पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. मामा त्यानंतर कितीतरी दिवस जीपला शिवले नाहीत. ती त्यांच्या दारात धूळ खात उभी होती.

मग एक दिवस जीप घेऊन आले. ग्रीसिंग करा म्हणाले. मी गाडीखाली शिरलो, मामा शेजारी बसले. मी मुद्दाम एक जागा सोडली. वाटलं, मामा खोकतील आणि पहिल्यासारखं काहीतरी होईल. ते खोकले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, त्या दिशी दुपारी माजी गाडी तितंच गरम झालती."

मी ग्रीसगन बाहेर सरकवली. मामांनी ती हातात घेतली.

"दगड लावलते मी. पानी वतलं, गाडी चालू झाली, पाशिंजर बसलं, आमी निगालो. दगड उचलले का न्हाई, ते काई केल्या आठवंना."

मी बाहेर आलो आणि मला सुचेल ते बोलत सुटलो. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिथं किती गाड्या थांबत असतील, तो दगड कुणाचाही असेल, तुम्ही असले कसले विचार करता. मामा मान हलवत होते. मनाला आपण रोज हेच सांगतो, म्हणाले, पण उचलले असते तर आठवलं असतं की. मी म्हणालो, त्या दिवशी गाडीत कोण कोण होतं ते बघा, गावातलीच माणसं असणार, एखाद्याला विचारा. मामा हातातल्या ग्रीसगनकडे बघत राहिले. "न्हाई," म्हणाले, "नको." मग मी विचारलं, मामींना हे माहीत आहे का? तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी तो काळा पंचा तोंडावर धरला.

"तिला येकच लेकरू व्हतं, मिस्त्री," ते म्हणाले. "कोन्या तोंडानं सांगू?"

त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. दगड मात्र उचलत राहिले. वर्षं गेली. नवे ड्रायव्हर आले, त्यांना यामागचं काही ठाऊक नव्हतं. ते मामांना 'दगडमामा' म्हणायचे. मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटायची, पण मामाच ओ द्यायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात मामांच्या छातीत दुखायला लागलं. नगरच्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या, आवाज खोल गेला होता. तरी आधी जीपचं विचारलं. पाणी बघता का, म्हणाले. मी म्हणालो, रोज बघतो. मामी डब्यासाठी खाली गेल्या होत्या. मामांनी माझं मनगट धरलं. मी गेल्यावर तिला त्या दुपारचं तेवढं सांगा, म्हणाले. इतकी वर्षं माझ्या तोंडातून निघालं नाही, पण तिला न सांगता जाळू नका मला, म्हणाले. मी चिडलो. कुठं निघालात, गप पडा, असं बोललो. पण त्यांनी मनगट सोडलं नाही. शेवटी मी हो म्हणालो.

दोन दिवसांनी मामा गेले.

दवाखान्यातून गाडी केली. मागं मामा, त्यांच्याजवळ मामी, पुढं ड्रायव्हरशेजारी मी. नगरहून आष्टीपर्यंत मी शब्द जुळवत होतो. गावात पोचलं की माणसं गोळा होणार, मग कुठलं बोलणं. पण नवरा असा पुढ्यात असताना कुठल्या बाईला असलं काही सांगता येतं? माझ्या गॅरेजवरून गाडी पुढं गेली. चढ सुरू झाला. भर दुपार, आणि वळणावर आलो तर काटा वर. तुम्ही म्हणाल, त्याच जागी? अहो, सगळ्यांच्याच गाड्या तिथं थांबतात, तेच तर सांगत आलोय.

ड्रायव्हरनं उतरून चाकाखाली दगड लावले, मागं आणखी चार मांडले. मी बोनेट उघडलं. गरम रेडिएटरचं झाकण तसंच उघडायचं नसतं, म्हणून थांबलो. इंजिन निवलं, फडक्यानं झाकण फिरवलं, पाणी ओतलं. मामी उतरून कडेला उभ्या होत्या. गाडी चालू झाली तशी ड्रायव्हरनं ती वळणाच्या पुढं सपाटीवर नेऊन उभी केली आणि चला चला म्हणून हाक मारली. मी चार पावलं गेलो आणि मागं बघितलं.

मामी रस्त्याच्या मधोमध वाकल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला. दोन्ही हातांनी एक दगड त्यांनी छातीशी घेतला, कडेला नेला, चारीत टाकला. मी धावत गेलो. मी उचलतो म्हणालो, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं. मग मी तिथंच, रस्त्यावर, कसंबसं म्हणालो, "मामी, मामांनी तुम्हाला एक सांगायला सांगितलंय. त्या दिवशी दुपारी..."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

त्या पुढच्या दगडाशी वाकल्या. "शेजारचीच बाई व्हती त्यांच्या गाडीत. पोराच्या दहाव्याला आली तवाच बोलली, की गाडी हितंच थांबलती म्हून."

"मग? दगड उचलले होते का?"

"मी तिला इचारलंच न्हाई, भाऊ." दगड त्यांच्या हातात तसाच होता. "इचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. न्हाई म्हनली असती तर त्यांच्यासंगं कसं ऱ्हायचं मी? आन् त्यांना तरी कोन व्हतं दुसरं?"

"मामांना बोलला का नाहीत?"

"ते बोलंनात, म्हून मीबी न्हाई बोलले. हातमोजं शिवून दिलं."

मला तिथं उन्हात रडू फुटलं. मामी रडल्या नाहीत. त्यांनी राहिलेले दगड एकेक करून चारीत टाकले, हात पदराला पुसले, वळणापासून खालपर्यंत रस्ता नीट बघितला आणि गाडीकडं चालायला लागल्या. मी मागून गेलो. त्यांना आत चढवून दार लावून घेणार, तेवढ्यात त्या मामांच्या डोक्याशी बसल्या, तोंडावरची चादर जरा बाजूला केली आणि त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या,

"उचलले बरं का. समदे उचलले."